पत्रे नकोत, वासे घेतले

रविवार, 12 एप्रिल 2026, रात्र

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चाळीस हजार मिळाले हे तुला सांगितलंच होतं. त्यांचं काय केलं ते सांगायला घेतलं की मध्येच तुझी मीटिंग लागते, म्हणून आज लिहूनच काढते. ते पैसे तू छपरावर पत्रे घालायला दिले होतेस. मी पत्रे आणले नाहीत. वासे आणले, त्यांवर कौलं टेकतात त्या रिपा आणल्या, कमी पडली तेवढी कौलं आणली. रागावू नकोस. आधी सगळं वाच.

गेल्या मेमधली ती रात्र तुझ्या मनातून गेली नाही, माझ्याही नाही. शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट परत लावणं, मेच्या अखेरीस करायची, मग मृग, मग पाऊस, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की छपराच्या एका उताराचं अर्धं पाखं उघडं टाकून मी सोमवारी रत्नागिरीला कामावर गेले. पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कोसळायला लागला, आणि 25 मेला तर मान्सून कोकणात दाखल झाल्याचं जाहीरही झालं. माजघरात पातेली, बादल्या, परात मांडून बाबा एकटे खाटेवर बसलेले, आणि तू पुण्याहून ते मोबाइलवर बघत होतास. चूक माझी होती. ताडपत्री पडवीतच घडी घालून ठेवली होती, निघताना ती घालावी एवढं सुचलं नाही. त्या रात्रीपासून तू पत्र्यांचा विषय सोडला नाहीस आणि त्यामागची काळजी मला कळते.

म्हणून यंदा पाडवा झाला की लगेच पुढच्या शनिवारी कामाला हात घातला. 2020 च्या फेब्रुवारीअखेर आमच्या कचेरीला पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा मला त्याचं फार अप्रूप वाटलं नव्हतं. आज वाटतं, ते शनिवार नसते तर हे घर उभं राहिलं नसतं. शुक्रवारी संध्याकाळची एसटी, शनिवारी सकाळी सातला अंगणात. असे चार आठवडे झाले.

पहिल्या शनिवारी मागचं पाखं उतरवलं. बाबांना मी शिडीला हात लावू दिला नाही, ते खाली खळ्यात बसून कौलं मोजत होते. वर सुतारकाका आणि त्यांचा मुलगा, शिडीवर शेजारची काकी, खाली मी. या हातातून त्या हातात कौल येत राहतं, तेव्हा कुणी बोलत नाही, फक्त कौलावर कौल टेकल्याचा आवाज. साडेपाचशे उतरवली, 70 फुटकी निघाली. प्रत्येक कौल उलटं करून घासलं. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं की गळती फुटक्या कौलांपेक्षा शाबूत कौलांतूनच जास्त होत होती. कौलाच्या कडेला खाच असते ना, तिच्यात शेजारच्या कौलाची कड बसते. त्या खाचेत फणसाचा पाचोळा, माती, शेवाळ असं सगळं दाटून बसलेलं. पाणी खाचेतून खाली उतरायचं ते तुंबतं आणि कड ओलांडून आत येतं. आपण दरवर्षी फुटकी बदलत राहिलो, खाचा कुणी साफ केल्याच नाहीत.

त्यात काही जुनी कौलं सापडली, पाठीवर इंग्रजी अक्षरांत बासेल मिशन आणि 1865 असं उठवलेली. बाबा हरखले, दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून. पण ते साल मंगळुरात कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल केल्याचं नव्हे. तरी तुझ्या आजी सांगायच्या की पहिली कौलं गलबतातून जैतापूरला उतरली आणि तिथून गाडीने घरी आली. म्हणजे जुन्या नळीच्या कौलांऐवजी आपल्या घरावर पहिली मंगलोरी कौलं चढली, त्यांतलीच ही असणार. वाजवून बघितली, खणखणीत आहेत. ती सगळी मी देवघरावर घातली.

आता वाशांचं. सुतारकाका एकेका वाशात दाभण खुपसत गेले. बावीसपैकी नऊ वाशांत दाभण लोण्यात शिरावं तसं शिरलं. भुंगेऱ्यांनी आतून पीठ केलेलं, वरून रंग मात्र तसाच. आणि हे सगळे स्वयंपाकघरावरचे. मी विचारलं, इथलेच का? ते म्हणाले, वहिनी, चूल कधी बंद केलीत? गॅस आला, चूल गेली, आणि धूर गेला. त्या धुराने वासे काळेकुळकुळीत असायचे, त्यांना कीड लागत नव्हती. लहानपणी तुझे डोळे चुरचुरायचे म्हणून ती चूल मीच काढायला लावली होती. त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण वाशांना धुराच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. या वेळी नवे किंजळीचे वासे चढवण्याआधी काजूच्या टरफलाच्या तेलाचे दोन हात दिले. ते तेल कातडी सोलतं, म्हणून आधी हातांना खोबरेल चोपडून बसलो. माझ्या मनगटावर एक डाग उठलाच, आता सुकत आलाय.

बाळू, वरून पत्र्याची शेड टाकली असती तर हे नऊ वासे मला दिसलेच नसते. वर कोरडं, आत पोखरलेलं, आणि एक दिवस आढ्यासकट खाली. हे एकच कारण मला पुरेसं वाटलं. वाडीत निम्म्या घरांवर शेड आली आहे, आणि ती टाकणाऱ्यांना मी चुकीचं म्हणत नाही. ज्यांच्या घरात कौलं चाळायला माणूसच उरलं नाही त्यांनी काय करायचं? वादळाचं म्हणशील तर 3 जून 2020 ला निसर्ग आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कौलंही उडाली आणि पत्रेही उडाले. पण फुटलेल्या कौलाच्या जागी एक कौल बसवता येतं, पत्रा गेला की सगळं पाखंच उघडं पडतं. शिवाय दुपारी मी पत्र्याखाली बसून पाहिलंय, काकींकडे. बाबांच्या रक्तदाबाला ते मानवायचं नाही.

वानरांचा प्रश्न मात्र खराच आहे. फणसाची जी फांदी छपरावर आली होती ती तोडली. मन होईना, तिला दरवर्षी सर्वांत आधी कुयऱ्या धरायच्या. पण तिच्यावरूनच वानरं कौलांवर उड्या मारत होती. आता लांबून उडी घ्यावी लागेल. येणारच नाहीत असं नाही, त्यासाठी चाळीस कौलं जादा आणून गोठ्यात रचून ठेवली आहेत.

तिसऱ्या आठवड्यात कौलं परत चढवली, आढ्यावरचे कोने चुन्यात बसवले. या आठवड्यात गडगा, म्हणजे आवाराची दगडी भिंत. दरडीकडचा बारा फूट गेल्या पावसात बसला होता. बाबा सिमेंटमध्ये बांधू म्हणत होते. थोरले काका म्हणाले, गडग्याला सिमेंट लावलंस तर मागचं पाणी जाईल कुठे? ते भिंतीलाच ढकलील. मोठे दगड तळाला, मध्ये बारीक दगडांच्या खांडक्या ठोकून, आणि वर जाताना थोडा दरडीकडे कलता, असा त्यांनी पंचाहत्तरीत स्वतः बसून रचून घेतला. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो आणि वारा-ऊन लागून टणक होतो, म्हणून त्यांनी नवे चिरे नाकारले आणि पडलेले जुनेच वेचायला लावले. माझे दोन्ही खांदे भरून आलेत, पण गडगा बघायला मी आज संध्याकाळी तीनदा मागे गेले.

आवारात शिरायचं बांबूंचं बेडं अजून झालेलं नाही. खांब उभे आहेत, त्यांना भोकं पाडली आहेत, सरकवायचे बांबू तोडून सावलीत ठेवलेत. तू सहा वर्षांचा असताना ते बांबू ओढून गुरं आत सोडायचास आणि आजी ओरडत यायच्या. म्हणून ते तुझ्यासाठी ठेवलंय, सुतारकाकांना हात लावू दिलेला नाही. वरच्या वरकस जमिनीत काजूच्या कलमांसाठी वीस खड्डेही घ्यायचे आहेत, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. ते आत्ताच खणायला हवेत, म्हणजे महिनाभर उन्हात तापतात आणि वाळवी मरते. वेंगुर्ला 4 ची कलमं बाबांनी सांगून ठेवली आहेत.

हिशोब सांगते. वाशांचे चौदा हजार, रिपांचे साडेसहा, कौलांचे बत्तीसशे, मजुरीचे अकरा हजार, तेलाचे नऊशे. उरले चव्वेचाळीसशे. त्यातून विहिरीसाठी नवा दोर आणि रहाटाचं चाक घेते, कारण गाळ काढायचा आहे आणि मेच्या सुरुवातीला पाणी बरंच खाली गेलेलं असतं.

1 मे शुक्रवारी आहे, म्हणजे तुला तीन दिवस मिळतात. अणुस्कुरा घाटातून आलास तर दुपारच्या जेवणाला पोचशील. जुनी पँट आणायची गरज नाही, तुझी कॉलेजातली मी धुऊन फळीवर ठेवली आहे. बूट मात्र आण, गाळात अनवाणी उतरू देणार नाही. आणि नक्की येणार असशील तर बुधवारपर्यंत कळव, रहाटावर किती माणसं सांगायची ते ठरवता येईल.

तुझी,
आई