काळ्या पट्ट्या ठेवायला सांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

लॅपटॉपवर जुने गेम खेळताना 'चित्राच्या बाजूच्या काळ्या पट्ट्या घालवू नका' या तुमच्या एका सल्ल्यासाठी आधी मनापासून आभार. जुने गेम ४:३ (रुंदी:उंची) पडद्याचे, लॅपटॉप १६:९ चा. चित्र ताणलं की सगळंच एक तृतीयांशाने रुंद होतं. प्रिन्स ऑफ पर्शियातला सडपातळ राजपुत्र पैलवान दिसू लागतो. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर १०२४ × ७६८ चं चित्र उंचीला तंतोतंत बसतं आणि दोन्हीकडे १७१ पिक्सेल काळे राहतात. ८०० × ६०० निवडलं तर चित्र १.२८ पट फुगवावं लागतं आणि अक्षरं पुसट होतात. दहा इंची १०२४ × ६०० च्या पडद्यावर मात्र तेच ८०० × ६०० नेमकं बसतं.

खरी मेख इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स पॅनेलमध्ये (पडद्याच्या सेटिंगमध्ये) होती. 'मेंटेन ॲस्पेक्ट रेशो' (रुंदी-उंचीचं प्रमाण राखा) हा पर्याय पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनवर दिसतच नाही. आधी डेस्कटॉप १०२४ × ७६८ वर आणायचा, पर्याय निवडून अप्लाय करायचं, मग परत १३६६ वर जायचं. हे सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार?

डॉसबॉक्सचंही, म्हणजे जुने डॉस गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचंही, तसंच. ३२० × २०० चे पिक्सेल चौकोनी नव्हेत, रुंदीपेक्षा १.२ पट उंच असतात. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' ट्रू हवं. 'आउटपुट' (चित्र दाखवायची पद्धत) सरफेसवर राहिलं आणि 'फुलरिझोल्यूशन' डेस्कटॉप केलं, तर मधोमध टीचभर चौकट उरते. 'आउटपुट'समोर ओपनजीएल लिहायचं. गेम सुसाट पळत असेल तर कंट्रोल-एफ११, रखडत असेल तर कंट्रोल-एफ१२. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन कळ दाबावी लागते, नाहीतर आवाज नाहीतर उजेडच कमी-जास्त होत बसतो. 'एचक्यू२एक्स' या चित्र मोठं करणाऱ्या स्केलरबद्दल मात्र आपलं जमणार नाही. तो राजपुत्राला मेणाचा करून टाकतो. 'नॉर्मल२एक्स'च बरा.

एज ऑफ एम्पायर्स टू (१९९९) मध्ये गवत जांभळं आणि पाणी लाल का होतं, हेही तुमच्यामुळे उलगडलं. गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो आणि विंडोज ७ चा एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्रॅम) मध्येच ती पॅलेट बिघडवतो. तुमची तीन ओळींची बॅच फाइल (ओळीने आज्ञा चालवणारी फाइल) चोख आहे: एक्सप्लोरर बंद, गेम सुरू करून तो संपेपर्यंत थांबा, एक्सप्लोरर पुन्हा चालू. दुसऱ्या ओळीतला 'वेट' विसरला तर एक्सप्लोरर लगेच परत येतो आणि गवत पुन्हा जांभळं. गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, हेही लक्षात ठेवलंय. नाहीतर सेव्ह फाइल्स व्हर्च्युअल स्टोअर या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि शोधत बसावं लागतं.

टचपॅडचं तेवढं राहिलं. कळा दाबलेल्या असताना तो मुद्दाम गप्प बसतो, तळव्याचा चुकून स्पर्श होऊ नये म्हणून. सेटिंगमध्ये संवेदनशीलता सर्वाधिक केली की थोडा सुधारतो. पण साधा यूएसबी माउस घ्या, हे तुमचंच म्हणणं खरं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमचे आभारी,
जुने गेम खेळणारे आम्ही सगळे