राष्ट्राध्यक्ष सीआयएच्या मुठीत? कागदपत्रे उलटे सांगतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला अमेरिकेतील ‘खऱ्या सत्तेविषयी’चा लेख वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. राष्ट्राध्यक्ष येतात-जातात, गुप्तचर खात्याचे प्रमुख मात्र पडद्यामागून त्यांना नाचवतात, असा लेखाचा एकूण सूर आहे. लेखकांनी जरूर आपले मत मांडावे, पण एवढे मोठे विधान करताना एखादी नेमणूक, एखादी हकालपट्टी, एखादी सही तरी तपासायला हवी होती. सीआयए म्हणजे अमेरिकेची परदेशांत काम करणारी गुप्तचर संस्था; तिच्या संचालकाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंतच तो खुर्चीवर राहतो. त्याला ठरावीक मुदत नाही. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयच्या संचालकाला कायद्याने 10 वर्षे दिली आहेत, तरीही जेम्स कोमी यांना 2017च्या मे महिन्यात, चार वर्षे पुरी होण्याआधीच काढून टाकले गेले. मग कोण कोणाला नाचवतो?

खरा संताप आला तो वॉटरगेटवरच्या वाक्याने. सीआयएने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा काटा काढला, असे लेखात एका ओळीत सांगून टाकले आहे. हे धादांत चुकीचे आहे आणि दुर्दैवाने मराठीत ते वारंवार छापले जाते. म्हणून त्या प्रकरणाच्या पहिल्या तीन आठवड्यांत नेमके काय घडले ते तारखांसह सांगतो.

17 जून 1972 रोजी वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतील विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. एफबीआयने पैशांचा माग काढायला सुरुवात केली. पकडलेल्यांपैकी एकाच्या मायामीतील बँक खात्यात मेक्सिकोमार्गे आलेले 89 हजार डॉलरचे चेक आणि 25 हजार डॉलरचा आणखी एक चेक जमा झाला होता. हे पैसे निक्सन यांच्या फेरनिवडणूक समितीकडून आले होते. तपास आणखी चार पावले पुढे गेला असता तर थेट समितीच्या दारात पोहोचला असता.

23 जूनच्या सकाळी निक्सन आणि त्यांचे कार्यालयप्रमुख हाल्डेमन यांनी यावर तोड काढली. सीआयएच्या लोकांना बोलावायचे आणि त्यांच्याकरवी एफबीआयचे प्रभारी संचालक ग्रे यांना सांगायचे की मेक्सिकोच्या दिशेने जाऊ नका, तिथे आमच्या गुप्त कारवाया उघड्या पडतील. त्याच दुपारी संचालक रिचर्ड हेल्म्स आणि उपसंचालक व्हर्नन वॉल्टर्स यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून तसे सांगण्यात आले. सीआयएचा या प्रकरणाशी संबंध नाही, हे हेल्म्स यांनी आदल्या दिवशीच ग्रे यांना कळवले होते. तरीही वॉल्टर्स ग्रे यांच्याकडे गेले आणि निरोप पोहोचवला. मेक्सिकोच्या चेकवाल्याचा जबाब एफबीआयने पुढे ढकलला. इथवर निक्सन यांचा डाव जमला होता.

हे वॉल्टर्स कोण, तेही लेखकांनी पाहायला हवे होते. लष्करात लेफ्टनंट जनरल, अनेक भाषा जाणणारे, निक्सन यांच्या जुन्या विश्वासातले. 1958 साली काराकासमध्ये जमावाने उपाध्यक्ष निक्सन यांच्या मोटारीवर हल्ला केला तेव्हा दुभाषी म्हणून ते त्याच मोटारीत होते. उपसंचालकपदावर निक्सन यांनीच त्यांना नेमले होते आणि नेमून जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे ‘आपला माणूस’ कोणाला म्हणायचे तर यांनाच.

याच माणसाने लँग्लीला, सीआयएच्या मुख्यालयात, परतून चौकशी केली: एफबीआयच्या तपासाने मेक्सिकोतली आपली कोणती कारवाई धोक्यात येते? उत्तर आले, एकही नाही. 26 जूनला राष्ट्राध्यक्षांचे वकील जॉन डीन यांनी त्यांना बोलावले, तेव्हा वॉल्टर्स यांनी ते स्पष्ट सांगितले. डीन यांनी सलग तीन दिवस त्यांना गाठले. आता मागणी वेगळी होती: पकडलेल्यांचा जामीन आणि पगार सीआयएच्या गुप्त निधीतून द्या. वॉल्टर्स यांनी नकार दिला आणि कारणही हिशेबाचे दिले. असा पैसा देशात खर्च झाला तर काँग्रेसच्या देखरेख समित्यांना कळवावा लागेल. 6 जुलैला ग्रे यांनी सांगितले की तपास थांबवायचा तर सीआयएने तसे लेखी द्यावे. राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे असे पत्र लिहायला लावले तर मी राजीनामा देईन, असे वॉल्टर्स यांचे उत्तर होते. पत्र लिहिले गेले नाही. त्याच दिवशी ग्रे यांनी फोनवर निक्सन यांना सावध केले आणि तपास पुढे सरकला.

आपल्याकडे कोणत्याही कचेरीत ‘लेखी द्या’ म्हटले की तोंडी हुकूम देणारा मागे सरकतो, तसेच हे झाले. वॉल्टर्स यांनी या भेटींची टिपणेही लिहून ठेवली होती. ती 1973च्या मे महिन्यात सिनेटच्या समितीच्या हाती पडली. 23 जूनच्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या 8-0 अशा निकालानंतर, 5 ऑगस्ट 1974 रोजी, आणि चार दिवसांत निक्सन राजीनामा देऊन पायउतार झाले. त्याआधी 27 जुलैला प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचे पहिले कलम 27 विरुद्ध 11 मतांनी मंजूर केले. त्यात सीआयएचा गैरवापर करण्याचा प्रयत्न हा आरोप शब्दांत लिहिलेला आहे. गैरवापर राष्ट्राध्यक्षांनी केला, संस्थेने राष्ट्राध्यक्षांचा नव्हे. लेखकांनी नेमके हेच उलटे लिहिले आहे.

याचा अर्थ सीआयए धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणत नाही. पकडलेल्यांमागचा सूत्रधार हंट याला 1971 साली केसांचा टोप, बनावट ओळखपत्र आणि कॅमेरा सीआयएनेच दिला होता. हेल्म्स यांनी 28 जूनला वॉल्टर्स यांना पाठवलेल्या टिपणात एफबीआयने तपास फार पसरवू नये असेच सुचवले होते. 1947च्या कायद्याने या संस्थेला देशांतर्गत सुरक्षेचे काम मना केले होते, तरी जॉन्सन आणि निक्सन या दोघांच्या दबावाखाली हेल्म्स यांनी युद्धविरोधी नागरिकांवर पाळत ठेवली. चिलीतील सीआयएच्या कारवायांबाबत सिनेटला पुरते खरे न सांगितल्याबद्दल 1977 साली त्यांना दोन हजार डॉलर दंड झाला. पण राष्ट्राध्यक्षांची इतकी सेवा करूनही त्यांना मिळाले काय? 20 नोव्हेंबर 1972 रोजी, निक्सन प्रचंड मतांनी निवडून आल्यानंतर दोन आठवड्यांत, कॅम्प डेव्हिडला बोलावून त्यांना पद सोडायला सांगण्यात आले आणि राजदूत म्हणून तेहरानला धाडण्यात आले. साठीला निवृत्त होण्याइतकाही अवधी त्यांना मिळाला नाही.

रेगन यांच्या काळात उलटी परिस्थिती होती. विल्यम केसी हे त्यांचे प्रचारप्रमुख, संचालक झाल्यावर मंत्रिमंडळाचा दर्जा मिळालेले. संचालक आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यात इतके सख्य असले की मध्ये कागद उरत नाही. 1985च्या नोव्हेंबरमध्ये सीआयएशी संबंधित विमान कंपनीच्या विमानातून 18 हॉक क्षेपणास्त्रे इराणला गेली, राष्ट्राध्यक्षांच्या लेखी मंजुरीशिवाय. ही गोष्ट कळताच कागद मागितला तो पुन्हा उपसंचालकानेच, जॉन मॅकमाहन यांनी. 5 डिसेंबरला रेगन यांनी झालेल्या कारवाईला मागाहून मंजुरी देणाऱ्या कागदावर सही केली. तो कागद सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी पुढच्या वर्षी फाडून टाकला.

या अनुभवातून 1991चा कायदा आला आणि आजही तोच लागू आहे. गुप्त कारवाईसाठी राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लेखी हवी. फारच घाई असेल तर तोंडी चालते, पण 48 तासांत ती कागदावर यायलाच हवी. झालेल्या कारवाईला मागाहून मंजुरी देता येत नाही. संविधान किंवा कायदा मोडण्याची परवानगी त्यातून देता येत नाही. काँग्रेसच्या समित्यांना कळवावे लागते, अपवादात्मक वेळी निदान आठ नेत्यांना. राष्ट्राध्यक्ष आणि गुप्तचर प्रमुख यांचे संबंध समजून घ्यायचे तर या चार-पाच अटींपासून सुरुवात करावी लागते. लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

आजची काळजीची गोष्ट वेगळीच आहे आणि तीही लेखकांच्या नजरेतून सुटली. कारवाईला कायद्याचे कुंपण आहे, अंदाजांना नाही. न आवडणारा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला काढून टाकायला राष्ट्राध्यक्षांना कोणाला काही कळवावे लागत नाही. 2025च्या एप्रिलमध्ये सर्व गुप्तचर संस्थांचे एकत्रित अंदाज मांडणाऱ्या नॅशनल इंटेलिजन्स कौन्सिलने व्हेनेझुएलाचे मादुरो सरकार त्रेन दे अराग्वा या टोळीला चालवत असण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष दिला. ट्रम्प यांनी मार्चमध्ये, ही टोळी मादुरो सरकारशी संगनमताने चालते असे म्हणत, काढलेल्या हुकुमाच्या तो विरोधात जात होता. मे महिन्यात कौन्सिलचे हंगामी अध्यक्ष मायकेल कॉलिन्स यांना हटवण्यात आले. गुप्तचर खात्यातले राजकारण थांबवण्यासाठी, असे कारण राष्ट्रीय गुप्तचर संचालक तुलसी गॅबार्ड यांच्या कार्यालयाने दिले. जूनमध्ये इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब पडल्यावर अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर संस्थेचा प्राथमिक अंदाज फुटला: कार्यक्रम काही महिन्यांनीच मागे गेला असावा. ट्रम्प तर सारे नष्ट झाले म्हणत होते. त्या संस्थेचे प्रमुख जेफ्री क्रूझ यांना ऑगस्टमध्ये काढले. उद्या एखादा विश्लेषक ‘कमी शक्यता’ लिहिताना दहा वेळा विचार करणार नाही का? वॉल्टर्स यांनी पत्र लिहायला नकार दिला आणि तरी ते 1976पर्यंत पदावर राहिले. आज तसे घडेल याची खात्री मला वाटत नाही.

याच संदर्भात आपल्या वृत्तसंपादकांकडेही तक्रार आहे. तो जूनमधला अंदाज प्राथमिक होता आणि त्याबद्दलची खात्री ‘कमी’ असे त्यातच नमूद होते. आपण मथळ्यात तो अंतिम निष्कर्ष म्हणून छापला. अमेरिकी गुप्तचर अहवालात ‘शक्य आहे’ म्हणजे 55 ते 80 टक्के, ‘खूप शक्य’ म्हणजे 80 ते 95 टक्के, असे पट्टे ठरलेले आहेत. शिवाय माहितीवरची खात्री जास्त, मध्यम की कमी हे वेगळे सांगितलेले असते. या दोन गोष्टी बातमीत एका ओळीत देता येतात. त्या गाळल्या की अंदाज ठाम विधान होऊन बसतो आणि मग ‘गुप्तचर खोटे ठरले’ असे म्हणायला राजकारणी मोकळे होतात.

शेवटी, कालच्या लेखासोबतच्या चौकटीत तुलसी गॅबार्ड यांना ‘सीआयए प्रमुख’ म्हटले आहे. 2004च्या कायद्याने राष्ट्रीय गुप्तचर संचालक हे स्वतंत्र पद निर्माण झाले आणि 2005पासून सर्व गुप्तचर संस्थांचा समन्वय त्या पदाकडे आहे. गॅबार्ड यांची नेमणूक 12 फेब्रुवारी 2025 रोजी सिनेटने 52 विरुद्ध 48 मतांनी मान्य केली ती त्या पदावर. सीआयएचे संचालकपद त्याआधीच, जानेवारीत, जॉन रॅटक्लिफ यांना मिळाले होते. ही दुरुस्ती, आणि निक्सन यांच्याबद्दलच्या त्या वाक्याची दुरुस्तीही, उद्याच्या अंकात त्याच पानावर छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
पुणे