मुलाखतीत कामाचीच परीक्षा घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात सॉफ्टवेअरचं बरंचसं काम दूध संस्था, पतसंस्था आणि साखर कारखान्यांच्या हिशेबाचं असतं. डेव्हलपरच्या मुलाखतीत मात्र अनेक ठिकाणी कोऱ्या कागदावर वीस मिनिटांत बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत हवा तो आकडा शोधणारा प्रोग्राम) लिहायला लावतात. कोड चालवून बघायची सोय नाही, इंटरनेट बंद.

हा प्रोग्राम दिसायला दहा ओळींचा. पण मधला क्रमांक काढताना (लो + हाय) / २, म्हणजे पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून निम्मे, असं लिहिलं, की फार मोठ्या ॲरेत (यादीत) बेरीज नेहमीच्या पूर्णांकाच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपुढे जाते, आकडा ऋण होतो आणि प्रोग्राम कोसळतो. लो + (हाय – लो) / २ असं लिहिलं की हा धोका टळतो. ही चूक खुद्द जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) कित्येक वर्षं होती; त्या लायब्ररीवर काम केलेले जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. असा प्रोग्राम कागदावर बिनचूक उतरवतो तो बहुधा पाठ करून आलेला. त्याला बिलाचा घोळ निस्तरता येईलच, याची काय खात्री?

त्यापेक्षा बिघडलेला कोड हातात द्या. दूधबिलाचा छोटा प्रोग्राम, रक्कम डबलमध्ये (दशांश आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवणाऱ्या प्रकारात) ठेवलेली, बेरजेला पैसे जुळत नाहीत. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३०००००००००००००००४ येतात, कारण ०.१ बायनरीत नेमका मावतच नाही. दशांश आकडा नेमका ठेवणारा जावाचा बिगडेसिमल वापरा, हे बरेच जण सांगतील. पण त्यालाही ०.१ डबल म्हणूनच दिला, तर जुनी चूक जशीच्या तशी आत येते; आकडा स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्यावा लागतो. हे न विचारता सांगणारा माणूस हिशेबाच्या कामात मुरलेला असतो, त्याला सोडू नका.

दुसरा प्रश्न डेटाबेसचा. शंभर बिलांची यादी आणि प्रत्येक सभासदाचं नाव आणायला वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा), म्हणजे यादीची एक धरून एकूण १०१. ऑफिसातल्या चाचणीत हे जाणवत नाही, पण दर दहा दिवसांचं बिल काढताना हजारो सभासद आले की स्क्रीन अडकून बसते. बिलं आणि नावं एकाच क्वेरीत जोडून आणणाऱ्या एका जॉइनने काम भागतं.

एवढ्याला पाऊण तास पुरे. लॅपटॉप उमेदवाराचा असू द्या, इंटरनेट चालू ठेवा, अडला तर बोलू द्या. कामावर तो असाच बोलणार आहे. कोल्हापूरच्या उमेदवाराला तिकडे बोलावण्याआधी पुण्याच्या कंपन्यांनी पहिली फेरी तरी व्हिडिओवर घ्यावी. आणि नकार द्यायचा असेल तर उमेदवार कुठे कमी पडला, हे दोन ओळींत कळवावं.

– सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही वाचक, कोल्हापूर