गळाची काठी घरीच घडवावी

महोदय,

कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव आणि चिवट असल्याने गळाच्या काठीसाठी उत्तम असतो, तरीही फायबरच्या काठ्यांपुढे घरी काठी घडवण्याची कला मागे पडत आहे, याचे मला फार वाईट वाटते. कोयता, निखारे, दोरा आणि व्हार्निश एवढ्यावर काम भागते. काठी सावलीत पूर्ण वाळवावी (ओली काठी मासा ओढताना वाकते ती वाकडीच राहते). वाकडा भाग निखाऱ्यांवर फिरवत तापवून, गुडघ्याला टेकवून हलक्या हाताने सरळ करावा आणि निवेपर्यंत तसाच धरावा. शेंड्याला तारेची कडी दोऱ्याच्या घट्ट वेढ्यांनी बांधून त्यावर व्हार्निश द्यावे. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला हे जरूर शिकवावे.

एक वाचक, सिंधुदुर्ग