लिथियम काढा, पण गोड्या पाण्याचा हिशेब दाखवा

मा. संपादक,
स. न.

विजेवरच्या गाड्यांबद्दल काही वाचायला घेतलं की हल्ली 'थेट लिथियम निष्कर्षण' हा शब्द हटकून भेटतो. जमिनीखालचं खारं पाणी वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवत बसायचं नाही, काही तासांत त्यातलं बॅटरीला लागणारं लिथियम वेगळं करायचं. म्हणून ही पद्धत पर्यावरणाला धार्जिणी, असं सांगतात. हे अर्धंच खरं आहे.

मी मिठागरवाल्यांच्या घरातला. वाफ्यात मीठ धरलं की ते ओढून काठावर ढीग लावायचा आणि तळाचं कडू, बोटांना तेलकट लागणारं पाणी सोडून द्यायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. चिलीतल्या सालार दे अटाकामा या खाऱ्या मैदानात नेमकं उलटं. तिथे मीठ बाजूला पडतं आणि मोल त्या उरलेल्या पाण्याला! जमिनीखालून उपसलेल्या पाण्यात लिथियम लिटरमागे जेमतेम दीड-दोन ग्रॅम. ते पाणी तळ्यातळ्यांतून फिरवत, त्यातलं लिथियम 6 टक्के होईपर्यंत आटवतात. बाकीचं पाणी हवेत जातं. आमच्या वाफ्यांना पुढच्या उधाणाला पाणी मिळायचं, अटाकामाच्या वाळवंटात ते कुठून येणार?

थेट पद्धतीत खारं पाणी बारीक मण्यांच्या थरातून सोडतात. लिथियम मण्यांना धरून राहतं, उरलेलं पाणी जमिनीत परत सोडता येतं. इथवर उत्तम. पण ते लिथियम सुटावं म्हणून मणी धुवावे लागतात, आणि धुवायला लागतं गोडं पाणी. अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात, सुमारे 4000 मीटर उंचीवरच्या ओम्ब्रे मुएर्तो या खाऱ्या मैदानात अशीच मण्यांची पद्धत 1990च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. म्हणजे नवीन म्हणावी अशी ती नाहीच. तिला लागणारं पाणी ट्रापिचे नदीच्या खोऱ्यातून घेतलं गेलं आणि नदीकाठची हिरवी कुरणं सुकली, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. मार्च 2024 मध्ये प्रांताच्या न्यायालयाने सगळ्या प्रकल्पांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास होईपर्यंत या भागात नवे परवाने देण्यास मनाई केली.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देता येत नाही. त्याच काटामार्कात आपल्या सरकारी खनिज बिदेश इंडिया म्हणजे 'काबिल' कंपनीने जानेवारी 2024 मध्ये पाच क्षेत्रांसाठी करार केला आहे, एकूण 15,703 हेक्टर. काम अजून शोधाच्या टप्प्यावर असतानाच चार गोष्टी विचारून ठेवायला हव्यात. टनामागे गोडं पाणी किती लागणार? धुण्याचं पाणी गाळून पुन्हा वापरणार का? उरलेलं खारं पाणी कुठे आणि किती खोलीवर परत सोडणार? (चुकीच्या जागी सोडलं तर खालचं लिथियम असलेलं खारं पाणीच पातळ होतं.) आणि जवळच्या विहिरींची पातळी कोण मोजणार, कंपनी की तिथले गावकरी?

उत्पादन किती टन, हे सरकार सांगेलच. त्याच तक्त्यात पाण्याचा एक रकाना असावा, एवढंच मागणं आहे.

आपला,
एक वाचक, उरण (जि. रायगड)