आयुक्त साहेब, नळ राहिला, चर मात्र आला

मा. आयुक्त साहेब,
स. न. वि. वि.

पत्र डाव्या हाताने टाइप करते आहे, चुका पोटात घालाव्यात. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. बारा दिवसांपूर्वी पहाटे साडेपाचला टँकर आला म्हणून टाकीचं झाकण काढायला खाली उतरले आणि सोसायटीच्या दारातल्या चरात पडले. तो चर आपल्याच पाणीपुरवठा विभागाने नोव्हेंबरात खणला. 'काकू, गुढीपाडव्याला नळाला पाणी' असं आपले अभियंता दारात उभे राहून सांगून गेले होते. मी त्यांना चहा दिला होता. मग आचारसंहिता लागली, मग ठेकेदाराचं बिल अडकलं म्हणे. पाडवा झाला, श्रीखंडही खाल्लं. पाइप आला नाही.

विनंती एवढीच, की चर बुजवावा किंवा त्यात पाइप टाकावा. दोन्हींपैकी काहीही चालेल.

आता थोडं मनगटाचं. दोन ठिकाणी मोडलंय, आत प्लेट घातलीय. वेणी शेजारची मुलगी घालून देते. यांना मधुमेह आहे, इन्सुलिन रोज मी टोचायची. आता हेच थरथरत्या हातानं टोचून घेतात आणि मी दुसरीकडे बघते. आपल्या ॲपवर तक्रार केली, तर चौथ्या दिवशी 'निकाली' असा मेसेज आला, सोबत बुजवलेल्या रस्त्याचा फोटो. फोटोत मागे मोठा वड आहे. आमच्या रस्त्याला वड नाही हो साहेब, होता तो रुंदीकरणात गेला. कुठल्या तरी वडाखालचे लोक सुखी झाले, आनंद आहे.

क्षेत्रीय कार्यालयात गेले. पथ विभाग म्हणाला, खोदाई पाणीपुरवठ्याची. पाणीपुरवठा म्हणाला, बुजवणं पथचं. मग मी पडले ते नेमकी कुणाच्या हद्दीत, ते तेवढं ठरवून कळवा.

ग्रामपंचायत होती तेव्हा आठवड्यातून दोनदा का होईना, विहिरीचं पाणी यायचं. आम्हाला शहरात घेतलं आणि पहिल्याच वर्षी बिल आलं. सामान्य कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, वृक्ष कर. जललाभ म्हणजे काय ते मला प्लॅस्टर निघायच्या आत कुणीतरी समजावून सांगावं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारचाच मापदंड. आमच्या २४ फ्लॅटमध्ये शंभर माणसं धरली तर साडेतेरा हजार लिटर झाले. आम्ही रोज दहा हजारांचा एक टँकर घेतो, बाराशे रुपयांना. वर्षाचे आठ महिने. म्हणजे पावणेतीन-तीन लाख झाले, डाव्या हाताचा हिशेब आहे, तुमचा लेखा विभाग तपासेलच. आणि टँकरला पाणी मिळतं, आम्हाला मिळत नाही, हे कसं?

आमचंच असं आहे असंही नाही. पुण्यात २०१७ला ११ गावं घेतली, २०२१ला २३. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. गावं म्हणजे काय पाटावरची वाटी आहे, इकडून उचलली तिकडे ठेवली? २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं आमच्या पालिकेत एक नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाचा, म्हणजे तुमच्याच खुर्चीचा. तेव्हा विचारायचं कुणाला? १५ जानेवारी २०२६ला निवडणूक झाली, आता नगरसेवक आहेत. चराभोवती बॅरिकेड कधीच नव्हतं, पण त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची चौकट मात्र चराच्या कडेलाच रोवली आहे. पडताना मी तिलाच धरलं. फ्लेक्स फाटला. त्याचं बिल पाठवाल का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये सांगितलंय, खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस मेला तर सहा लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. माझं मनगट या दरपत्रकात कुठल्या ओळीत बसतं ते बघायला मी अर्ज लिहिला. भरपाई ठरवणाऱ्या समितीत पालिकेचे आयुक्तच असतात, असं कळलं. म्हणजे तुमच्या चराची तक्रार तुमच्याकडेच. ठीक आहे, ओळखीच्या माणसाकडे गेलेलं बरं.

परवा अर्ज द्यायला गेले. खिडकीवरच्या मुलाने आधार कार्डाच्या प्रतीवरची माझी जुनी सही बघितली, अर्जावरची बघितली आणि कागद परत सरकवला. 'सही जुळत नाही काकू.' मी प्लॅस्टर दाखवलं. तो म्हणाला, मग अंगठा द्या. एकतीस वर्षं शाळेत मास्तरकी केली साहेब, हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, गावातल्या बायकांना रात्रीच्या वर्गात सही गिरवायला शिकवली. त्याने शाईचा पॅड पुढे केला. दिला मी अंगठा.

आपल्या हद्दीतली एक करदाती
(डाव्या हाताचा अंगठा)