सूचना: फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या हंगामाबाबत सदस्य बैठक

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, 30 नोव्हेंबर 2024 रोजी फ्लोरिडा विद्यापीठाकडून 31-11 असा पराभव होऊन आपल्या फ्लोरिडा स्टेट संघाचा हंगाम 2 विजय आणि 10 पराभवांवर संपला असल्याने, रविवार, 8 डिसेंबर रोजी सायंकाळी 5 वाजता नेहमीच्या ठिकाणी बैठक बोलावण्यात येत आहे. आदल्याच वर्षी सलग 13 सामने जिंकलेला आणि यंदा हंगामापूर्वीच्या क्रमवारीत दहाव्या स्थानी असलेला हा संघ डब्लिनमध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठाकडून 24-21 असा हरला, आणि तेथून जी घसरण लागली ती थांबलीच नाही. नोत्र दाम विद्यापीठाकडून 52-3 अशी धूळधाण झाल्यावर मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल यांनी आक्रमण व बचाव या दोन्ही विभागांच्या समन्वयक प्रशिक्षकांना पदमुक्त केले. हा निर्णय उशिराच झाला, असे निमंत्रकाचे मत आहे. मतभेद असणाऱ्यांनी ते बैठकीत अवश्य मांडावेत.

पुढील हंगामाच्या तिकिटांसाठी एकत्रित नोंदणी करावी किंवा कसे, हे त्याच वेळी ठरेल. अनुपस्थित राहणाऱ्यांनी आपला होकार अथवा नकार शुक्रवारपर्यंत लेखी कळवावा. खेळाडूंविषयी अपशब्द वापरलेले संदेश मात्र काढून टाकले जातील.

— निमंत्रक